बापाने न शिकवलेला हुन्नर

पावटा पांढरा निघाला त्या क्षणी तेलेसोन दिवेवाल्याला शिंक आली.

थीसिअसच्या देवळात सगळी पेठ दाटीवाटीने उभी होती. एका हंडीतून नावाची पाटी निघत होती, दुसरीतून पावट्याचा दाणा. काळा दाणा निघाला की माणसाने मुकाट्याने घरची वाट धरायची. पांढरा निघाला की पुढचं वर्षभर पाचशेंच्या सभेत त्याची जागा. पुकारेदाराने पाटी वाचली, "नौसोनचा मुलगा तेलेसोन!" आणि पांढरा दाणा दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला. सोडतीच्या वेळी शिंक आली म्हणजे देवाने मान डोलावली, असं आमच्याकडे मानतात. लोक हसले. कोणी पाठीत धपाटा घातला, कोणी म्हणालं, "मोठा झालास रे, आता ओळख दे म्हणजे झालं." तेलेसोन हसला नाही. पुकाऱ्यातलं बापाचं नाव त्याला नेहमीसारखं टोचलं होतं.

अथेन्समध्ये बापाच्या नावावाचून माणसाचं नाव पुरं होत नाही. लष्कराच्या यादीत, पेठेच्या वहीत, मेल्यावर थडग्याच्या दगडावरसुद्धा बाप सोबत येतो. ज्या बापाने सातव्या वर्षी सोडलं, तो असा जन्मभर मानगुटीवर बसलेला. पहिला मुलगा झाला की त्याला आजोबाचं नाव द्यायचं, हा रिवाज तरी आपण मोडायचाच, असं तेलेसोनने लग्नाआधीच ठरवून टाकलं होतं. पुढे दोन्ही मुलीच झाल्या, तेव्हा देवांनीच ती कटकट मिटवली.

त्याच्यामागोमाग दुसरी पाटी निघाली ती पिस्तियास तेलवाल्याची. हा राखीव. निवडलेला माणूस मेला, किंवा जुन्या सभेपुढच्या चौकशीत नापास झाला, तर त्याच्या जागी राखीव माणूस बसतो. पिस्तियास गर्दीतून वाट काढत आला आणि तेलेसोनचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाला, "प्रकृतीला जप हो." आमच्या शहरात राखीव माणसाइतकी आपुलकीने दुसऱ्याच्या प्रकृतीची चौकशी कोणी करत नाही.

आता हा तेलेसोन कोण, ते सांगायला हवं. सांगण्यासारखं फार नाही. कुंभारवाड्यात, वेशीच्या आतल्या तिसऱ्या गल्लीत, त्याचं दिव्यांचं दुकान. दिवे साधे, काळ्या झिलईचे, एका चोचीचे. पण त्याचा दिवा तेल गळत नाही, हे बायका एकमेकींना सांगतात. माणूस हेकट. एकदा एक गोष्ट डोक्यात घेतली की झ्यूस खाली उतरून आला तरी त्याला म्हणेल, "जरा थांबा, हे संपवतो." आणि गेली तीन वर्षं त्याच्या डोक्यात होता नाला.

एरिदानोसचा नाला आमच्या वाड्यातून वाहतो. वरच्या अंगाला कातडी कमावणारे बसलेत. कातड्यांचे केस, चरबी, सगळी घाण त्याच पाण्यात. त्या पाण्यात निवळलेली माती वरून लोण्यासारखी दिसते आणि भट्टीत दगा देते. शंभरातले तीस दिवे तडकतात. तेलेसोन तीन वर्षं सभागृहात जात होता. बाहेरच्या माणसाला तिथे लाकडी कठड्याच्या पलीकडे उभं राहावं लागतं. तो कठडा धरून ओरडायचा, "नाला साफ करा!" आत बसलेला कोणी तरी म्हणायचा, "पुढच्या बैठकीत बघू." दारावरचा शिपाई म्हणायचा, "कठड्यावर टेकू नकोस." तिसऱ्या वर्षी तेलेसोनने कानाला खडा लावला. आता कठड्याबाहेरून एक शब्दही बोलायचा नाही. बोलायचं ते आत बसून. त्याने पेठेच्या सोडतीत नाव दिलं आणि पांढरा पावटा निघाला.

घरी आल्यावर बायकोने, लिसिल्लाने, त्याच्यापुढे भाकरी आणि कांदा ठेवला आणि ती समोर बसली. तिचा उजवा खांदा दुखत होता. दुकानात चाक फिरवायचं काम तिचं. कुंभार दोन्ही हातांनी माती उचलतो, तेव्हा चाक ओढायला दुसरं माणूस लागतंच. गडी ठेवण्याची यांची ऐपत नव्हती.

"अहो, आनंद झाला," ती म्हणाली, "पण चौकशीत काय काय विचारतात ते ठाऊक आहे ना?"

"आहे. बाप कोण, आई कोण, पेठ कुठली, कुळाची थडगी कुठं आहेत, लढाईला गेलास का, कर भरलास का."

"आणि?"

तेलेसोनने कांदा फोडला.

"आणि आई-बापाला नीट वागवतोस का," लिसिल्ला म्हणाली. "तुम्ही विसरलात, पण पिस्तियास विसरायचा नाही."

तो विसरला नव्हता. दोन हिवाळ्यांपूर्वी नौसोन परत आला होता. पस्तीस वर्षांपूर्वी तो आरमारात वल्हं मारायला गेला आणि गेला तो गेलाच. तेलेसोनच्या आईने वेशीपाशी भाजलेले हरभरे विकून पोराला वाढवलं आणि तशीच विकता विकता म्हातारी होऊन ती मेली. मग एके दिवशी एक वाकडा म्हातारा, काखेत वल्हेकऱ्याची मेंढीच्या कातड्याची गादी मारून, दुकानापुढे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मी नौसोन." तेलेसोन म्हणाला, "असाल," आणि त्याने दार लावून घेतलं. तेव्हापासून म्हातारा वेशीबाहेरच्या न्हाणीघरात भट्टीशेजारी झोपायचा. थंडीत शहरातले सगळेच बेवारस तिथे झोपतात.

आई-बापाला न पोसणाऱ्याचं तोंड हे शहर बंद करतं. सभेत जागा नाही, टेकडीवर लोकांपुढे उभं राहून बोलायचा हक्क नाही. राहा आणि मरा, पण मुक्याने.

"मला भीती नाही," तेलेसोन म्हणाला. "सोलोनचा कायदा आहे. ज्या बापाने मुलाला काही हुन्नर शिकवला नाही, त्याला म्हातारपणी पोसायची सक्ती त्या मुलावर नाही. मला ज्याने शिकवलं तो तिबेइओस."

हे अक्षरशः खरं होतं. तिबेइओस हा परदेशी कुंभार, नाकातून बोलणारा, महातापट. नऊ वर्षांचा तेलेसोन महिनाभर त्याच्या दारात उभा राहिला. तिबेइओसने त्याला शिव्या दिल्या, ओल्या मातीचे गोळे फेकून मारले. ते गोळे पोराने गोळा करून परत आणून दिले. शेवटी म्हातारा वैतागला, "ये कार्ट्या, चाक ओढ." या धंद्यात पहिली पायरी तीच. दोन वर्षं नुसतं चाक ओढायचं, मातीला हात लावायचा नाही. तेलेसोन तिथून वर आला होता.

"कायदा आहे, पण साक्षीदार?" लिसिल्लाने विचारलं. "तिबेइओस मेला. सासूबाई गेल्या. तुम्हाला बापाने शिकवलं नाही, हे सांगणार कोण?"

तेलेसोनने हातातली भाकरी खाली ठेवली. असा विचार त्याने केलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी पिस्तियास दुकानात आला. एक दिवा उचलला, उलटा केला, चोचीत बोट घालून पाहिलं.

"छान आहे. सुबक. तेलेसोन, तुझ्यासारख्या कारागिराने वर्षभर त्या बाकावर बसायचं म्हणजे दिव्यांचं नुकसान रे. मला आपलं वाईट वाटतं."

"दिव्यांचं मी बघतो. घ्यायचाय का?"

"माझ्याकडे दिवे आहेत. मी काय म्हणतो, चौकशीला उभं राहून पाचशे लोकांपुढे शोभा करून घेण्यापेक्षा आधीच नाव मागे घ्यावं. दुखण्याचं कारण सांगावं. झाकली मूठ राहते."

"मला काही दुखत नाही."

"बाप न्हाणीघरात राखेत लोळतोय, आणि तुला काही दुखत नाही?" पिस्तियासने दिवा खाली ठेवला. "मी आपला हितचिंतक म्हणून सांगितलं."

"दिवा सरळ ठेवा," तेलेसोन म्हणाला. "आणि परवा या सभागृहात. हितचिंतक म्हणूनच या."

तो गेला तसा तेलेसोनने हात धुतले, अंगावर वस्त्र टाकलं आणि तो वेशीबाहेर निघाला. ऊन उतरणीला लागलं होतं. लिसिल्लाने "कुठे?" म्हणून विचारलंही नाही.

न्हाणीघराच्या मागे भट्टीपाशी चार-पाच माणसं बसली होती. नौसोन आपल्या गादीवर बसून लाकडं सारत होता. त्याच्या हातांची बोटं आत वळलेली, पुरती उघडतच नव्हती; वल्ह्याचा दांडा पकडून पकडून ती तशीच राहिली होती. लाकूड मात्र त्या मुठीत बरोबर बसत होतं.

"कोण रे?" म्हाताऱ्याने डोळे बारीक केले.

"तेलेसोन."

"कुणाचा?"

"ते तुम्हीच सांगा."

भोवतालची माणसं खो-खो हसली. नौसोनही हसला. "बस," तो म्हणाला.

"उभाच बरा आहे. सभेत माझं नाव निघालंय."

"कळलं. इथं सगळं कळतं. अर्धं अथेन्स इथं कपडे काढतं, आणि उघडा माणूस फार बोलतो."

"परवा चौकशी आहे. मी तुम्हाला पोसत नाही, म्हणून पिस्तियास तेलवाला उठणार."

"पोसत नाहीस हे खरंच आहे की."

"आणि का नाही, तेही खरं आहे. तुम्ही मला काही हुन्नर शिकवला नाहीत. कायद्याने मी मोकळा आहे. पण साक्षीदार हवा." तेलेसोनने श्वास घेतला. "ज्यांना ठाऊक होतं ते मेले. राहिलात तुम्ही."

भट्टीपाशी कोणी हसलं नाही. नौसोनने एक ओंडका आत ढकलला.

"म्हणजे मी पाचशे लोकांपुढे उभं राहून सांगायचं, की मी नालायक बाप आहे."

"हो."

"खोटं सांगायला बोलावलं असतंस तर जरा विचार केला असता," म्हातारा म्हणाला. "हे तर खरं आहे. येतो."

तेलेसोन भांडायच्या तयारीने आला होता. वाटेत त्याने पस्तीस वर्षांची वाक्यं ओळीने लावून ठेवली होती, आणि आता एकही वापरायची गरज उरली नव्हती. त्याचाच त्याला राग आला.

"परत का नाही आलात?" तो एकदम ओरडला. "जहाज बुडालं नव्हतं. तुम्ही मेला नव्हतात. मग?"

नौसोनने आगीतली लाकडं सारली.

"पहिल्या वर्षी पगार बुडाला. हात हलवत घरी यायची लाज वाटली. दुसऱ्या वर्षी पहिल्या वर्षाची लाज वाटली. मग सवयच लागली रे. तिकडे जो पैसे देईल त्याची वल्ही मारली. एक बाई होती, तीही गेली." तो थांबला. "तुझी आई वाट बघायची?"

"हो."

"किती वर्षं?"

"मरेपर्यंत."

तेलेसोन वळला. चार पावलं गेला असेल, तेवढ्यात मागून आवाज आला, "तुझ्या बायकोला सांग, मसुराच्या आमटीत हल्ली मीठ कमी पडतं."

तेलेसोन जागच्या जागी थबकला. मग मागे न बघता चालू लागला.

घरी लिसिल्ला भाकरी थापत होती. तो हात धुऊन बसला आणि म्हणाला, "आमटीत मीठ कमी पडतं म्हणे."

लिसिल्लाचा हात थांबला. ती लाल झाली, मग पांढरी झाली. दोन हिवाळे धाकटी मुलगी झाकलेलं भांडं घेऊन "मैत्रिणीकडे" जात होती. तेलेसोनला ते सगळं माहीत होतं. डोळे झाकून दूध पिणाऱ्या मांजरासारखा तो घरात वावरत होता, एवढंच. आज मात्र त्याने डोळे उघडले.

"मीठ घाल जरा जास्त," तो म्हणाला आणि भाकरी खाऊ लागला.

चौकशीच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. जुने पाचशे बाकांवर, बाकी गाव कठड्याबाहेर. शिपायाने नाव पुकारलं आणि तेलेसोन जन्मात पहिल्यांदा कठड्याच्या आत आला. तीन वर्षं ज्या लाकडाला धरून ओरडला, ते आतून किती ठेंगणं दिसतं, हे पाहून त्याला नवल वाटलं.

"तुझा बाप कोण?" अध्यक्षाने विचारलं. अध्यक्ष म्हणजे काय, तोही कुठला तरी मध विकणारा. एका दिवसापुरता शहराच्या किल्ल्या गळ्यात घालून बसलेला.

"नौसोन. याच पेठेचा."

"आई?"

तिचंही नाव सांगून झालं. थडगी कुठे? वेशीबाहेर रस्त्याच्या डाव्या हाताला, आई तिथेच आहे, दरवर्षी दूध-मध वाहतो. लढाई? दोनदा गेलो, भाला स्वतःचा. उत्तरं पटापट आली. मग तो प्रश्न आला.

"आई-बापाला नीट वागवतोस?"

"आईला वागवलं. बापाला पोसत नाही."

बाकांवरून कुजबुज गेली. कोणी तरी शीळ घातली. पिस्तियास तेवढ्याचीच वाट बघत होता. "मला बोलायचंय!" म्हणत तो पुढे आला आणि बोलला चांगला. बोलायला तो हुशारच. सत्तरीला टेकलेला म्हातारा, राखेत झोपणारा, ज्याने शहरासाठी वल्ही मारली; आणि त्याचा मुलगा कोपऱ्यावर ऊबदार भट्टी पेटवून बसलेला. दोन-तीन जणांनी डोळे पुसले. आमच्या सभेला रडायला फारसं कारण लागत नाही.

"आणि आता हा म्हणेल, कायदा," पिस्तियास म्हणाला. "विचारा त्याला, साक्षीदार कुठाय?"

"इथं," कठड्याबाहेरून आवाज आला. नौसोन काखेत गादी घेऊन पुढे आला. शिपाई म्हणाला, "ते गाठोडं बाहेर ठेव." नौसोन म्हणाला, "तू जन्मायच्या आधीपासून ती माझ्याबरोबर आहे," आणि ती घेऊनच आत शिरला.

त्याने शपथ घेतली आणि मग जे सांगितलं ते अगदी थोडक्यात सांगितलं.

"हा माझा मुलगा. मी याला सात वर्षांचा सोडून गेलो. मला एकच काम येतं, वल्हं मारायचं. ते मी याला शिकवलं नाही, कारण मी इथं नव्हतोच. चालायला त्याच्या आईने शिकवलं. दिवे करायला एका परक्या माणसाने. मी काही नाही शिकवलं. हा मला काही देणं लागत नाही."

पिस्तियास मात्र असा हार मानणारा नव्हता.

"छान!" तो म्हणाला. "बाप येऊन सांगतो, मला पोसू नका! कशाच्या बदल्यात, नौसोन? काय कबूल केलंय याने? आज संध्याकाळपासून घरात घेणार ना? आमटीचं भांडं तर कधीच सुरू झालंय, माझ्या गड्याने डोळ्यांनी पाहिलंय!"

म्हाताऱ्याचा चेहरा बदलला. तोवर तो साध्या, हळू आवाजात बोलत होता. आता जहाजावरच्या आवाजात बोलला.

"ऐका सगळे. आजपासून या माणसाच्या घरचा एक घास जरी मी फुकट खाल्ला, तर मेल्यावर मला मूठभर मातीसुद्धा कोणी देऊ नका. कुत्र्यांपुढे टाका. झ्यूस ऐकतोय." मग पिस्तियासकडे बोट करून, म्हणजे त्या वळलेल्या मुठीने दाखवून, तो म्हणाला, "आणि झ्यूसचं लक्ष नसलं तर हा आहेच."

मोठा हशा झाला. अध्यक्षाने काठी आपटली. "तेलेसोन, हा म्हणतो ते खरं आहे?"

पस्तीस वर्षं तेलेसोनला हेच वाक्य ओरडून सांगायचं होतं. चौकात, टेकडीवर, सापडेल त्याला. रात्री चाकापाशी बसून त्याने ते मनात शंभरदा म्हटलं होतं. आता अख्खं शहर कान देऊन ऐकत होतं. समोर म्हातारा गादी पोटाशी धरून उभा होता आणि हळूच मान हलवत होता: बोल, बोल.

"खरं आहे," तेलेसोन म्हणाला. "याने मला काही शिकवलं नाही."

"मोठ्याने," अध्यक्ष म्हणाला. "मागे ऐकू गेलं नाही."

"याने मला काही शिकवलं नाही!"

हात वर झाले. मोजायची गरजच पडली नाही. तेलेसोन सभेत बसणार हे पक्कं झालं. पिस्तियासने येऊन त्याचं अभिनंदन केलं आणि पुन्हा एकदा प्रकृतीला जपायला सांगितलं. नाल्याचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो: त्या वर्षी तेलेसोनने नाल्याचा प्रश्न अकरा वेळा उठवला, आणि बाराव्या वेळी सभेने केवळ त्याच्या तोंडाला कंटाळून नाला साफ करून घेतला. पण ते नंतर. त्या दिवशी तेलेसोन कोणाचे हातही न घेता बाहेर पळाला.

म्हातारा बाजारचौक ओलांडून वेशीच्या रस्त्याला लागला होता. चालायचा तो हळू, पण थांबायचा नाही.

"थांबा," तेलेसोनने त्याला गाठलं. "घरी चला."

"वेडा आहेस का? आत्ताच शपथ घेतली. पाचशे माणसांनी ऐकली."

"तुम्हाला कोणी सांगितली होती घ्यायला?"

"त्या तेलवाल्याने सोडलं असतं का तुला? वर्षभर मागे लागला असता." म्हाताऱ्याने गादी दुसऱ्या काखेत घेतली. "झालं तुझं काम. कायद्याने तू मोकळा. जा, दिवे कर."

"कायदा गेला खड्ड्यात!" असं तेलेसोन भर रस्त्यात ओरडला. कायद्याच्या जोरावर सभेत जागा मिळवून त्याला घटकाही झाली नव्हती. दोन कोळी बायका टोपल्या घेऊन थांबल्या आणि बघू लागल्या. "मी कायद्याने बोलावत नाहीये. कायद्याने बोलवायचं असतं तर दोन हिवाळ्यांपूर्वीच बोलावलं असतं. मीच बोलावतोय. माझं मी."

"आणि मी येत नाहीये. माझं मी." म्हातारा चालू लागला.

तेव्हा तेलेसोनला कळलं की हा हेकटपणा आपल्यात कुठून आला. इतकी वर्षं तो समजत होता, आईकडून. तो रस्त्यात उभा राहून विचार करू लागला. मग त्याने पुढे होऊन म्हाताऱ्याच्या काखेतली गादी ओढून घेतली आणि कुंभारवाड्याकडे चालायला लागला.

"ए! माझी गादी!"

तेलेसोन थांबला नाही. नौसोनला मागे यावंच लागलं. शिव्या देत, धापा टाकत तो तिसऱ्या गल्लीपर्यंत आला. दुकानात लिसिल्ला चाकाशी बसली होती. दोघांना असं बघून ती उठली.

"काय झालं? मिळाली जागा?"

"मिळाली. सरक," तेलेसोन म्हणाला. तिच्या बैठकीवर त्याने गादी ठेवली आणि थाप मारून ती सारखी केली. "फुकट नाही, असंच म्हणालात ना शपथेत? मी कान देऊन ऐकलंय. बसा. चाक ओढा."

नौसोन दारात उभा राहिला. गादीकडे बघितलं, चाकाकडे बघितलं, सुनेच्या खांद्याकडे बघितलं. तिचा हात आपोआप त्या दुखऱ्या खांद्यावर गेला होता. मग तो आत आला आणि बसला. वळलेल्या बोटांत चाकाची कड घट्ट बसली. तेलेसोनने मधोमध मातीचा गोळा आपटला, हात ओले केले.

"ओढा."

म्हाताऱ्याने असं ओढलं की गोळा सुटून तेलेसोनच्या छातीवर आदळला. लिसिल्ला तोंडावर पदर घेऊन हसायला लागली.

"अहो बाबा!" तेलेसोन ओरडला. "शत्रूचं जहाज नाही पाठीमागे! सावकाश!"

म्हाताऱ्याने चमकून वर पाहिलं. तेलेसोनने मान खाली घालून दुसरा गोळा आपटला. नौसोनने पुन्हा कड धरली. या वेळी त्याने ओठांतल्या ओठांत वल्हेकऱ्यांची आरोळी धरली, ओ-ओप, ओ-ओप, आणि चाक तालात फिरू लागलं. मातीची कड एकसारखी वर आली. इतकं सरळ चाक तिबेइओस गेल्यापासून तेलेसोनच्या हाताखाली फिरलं नव्हतं. लिसिल्ला केव्हाच चुलीपाशी गेली होती. आतून मसुराचा वास येत होता.

चार दिवे झाले. पाचव्याच्या वेळी नौसोन म्हणाला, "अडुसष्टाव्या वर्षी मी हे शिकून करू काय?"

तेलेसोनने चोच वळवली, अंगठ्याने दाबली. मातीवरची नजर त्याने काढली नाही.

"शिकून ठेवा," तो म्हणाला. "म्हातारपणी पोटाला लागेल."